शिवेवरच्या पाणंदीची कागदपत्रं

चंदगड तालुका १९५६ सालापर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. आमच्याकडच्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला हे सांगितलं तर तो म्हणेल, "त्यात काय सांगायचं ओ, आमास्नी ठाऊक हाय की." पण दोन गावांमधली आमची पाणंद, म्हणजे शेतामाळातून जाणारी जुनी वाट, मोकळी झाली ती या एका गोष्टीच्या जोरावर. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची पुनर्रचना झाली. बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्यातला चंदगड तेवढा बाजूला काढून मुंबई राज्यात ठेवला आणि कोल्हापूर जिल्ह्याला जोडला. माणसं, शेतं, देव, ओढे जिथल्या तिथं राहिले. कागद मात्र दोन कचेऱ्यांत वाटले गेले.

माझं माहेर चंदगड तालुक्यात, सासर बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात. दोन्ही गावांची शीव एकच. मधे ओढा, ओढ्याच्या दोन्ही अंगांना माळ, आणि माळ संपला की भाताची आणि रताळ्याची शेतं. सरळ चाललं तर अर्ध्या-पाऊण तासाची वाट. गाडीनं जायचं तर आधी वेंगुर्ला रस्ता गाठायचा, शिनोळीच्या एमआयडीसीचे आणि उसाचे ट्रक चुकवत हद्द ओलांडायची आणि मग पुन्हा आत वळायचं. गावांची नावं मुद्दाम देत नाही. दोन बांधांची भांडणं अजून मिटायची आहेत आणि त्या घरांतून माझं जाणं-येणं आहे.

मी बेळगावात एका इंजिनिअरच्या ऑफिसात नकाशे काढते. लेआउट, बंगल्यांचे प्लॅन, क्वचित एखादं मंगल कार्यालय. त्यामुळं या कामात नकाशाचा भाग माझ्याकडं आला आणि नकाशाच्या मागून बाकीचं सगळंच आलं.

सुरुवात मातीच्या ढिगानं झाली. करोनात २०२० साली हद्दी बंद झाल्या तेव्हा मोठ्या रस्त्यावर चेकपोस्ट बसली आणि आडवाटांवर जेसीबीनं माती ओतली. पुढच्या वर्षी टेस्टचा रिपोर्ट दाखवल्याशिवाय पलीकडून अलीकडं येता येईना. ते सगळं संपलं, चेकपोस्ट उठली, पण आमच्या पाणंदीवरचा ढीग तसाच. त्यावर गवत वाढलं, मग घाणेरी वाढली. त्यात २०२२च्या डिसेंबरात सीमाप्रश्न तापला आणि दोन्हीकडच्या बसगाड्या हद्दीपाशी थांबल्या. माझी आई तेव्हा आजारी होती. मी त्या ढिगावरून चढून माहेरी गेले, आणि माझ्यासारख्या आणखी किती जणी त्या वाटेनं येत-जात होत्या ते तेव्हा कळलं.

लेकी-सुना तर आहेतच. शिवाय महाशिवरात्रीला देवरवाडीच्या वैजनाथाला चालत जाणारी माणसं, हायस्कूलला हद्द ओलांडून जाणारी मुलं, आणि सैन्यभरतीची तयारी करणारी पोरं. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्यामुळं आमच्या भागात घराआड एक तरी पोरगा भरतीसाठी पळत असतो. पहाटेच्या अंधारात ही पोरं वेंगुर्ला रस्त्याच्या कडेनं पळतात, आणि मागून उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन येतो. माळ आणि पाणंद धडपणी असती तर त्यांना तिथं कशाला जावं लागलं असतं?

ढीग काढा म्हणून आमच्या पंचायतीत गेलो तर उत्तर मिळालं की आम्ही टाकला नाही. पलीकडच्या ग्रामपंचायतीत गेलो तर ढीग त्यांच्या हद्दीत नाही. वरच्या एका कार्यालयात एका साहेबांनी मात्र उपयोगाचं बोलून दाखवलं. "ढिगाखाली वाट हाय याचा कागद आणा, उद्या काढतो." ते चिडवायला म्हणाले होते. पण माझं पोट कागदावरच चालतं.

आमच्या बाजूचा गावनकाशा मोजणी खात्याच्या वेबसाइटवरून उतरवून घेतला. पलीकडचा मिळवायला चंदगडच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज, फी, आणि मग नुसती वाट बघणं. तो हातात आल्यावर मी दोन्ही एकाच मापाला आणले, ट्रेसिंग पेपरवर काढले आणि शिवेला शीव लावली. चपखल बसले. बसणारच, कारण दोन्ही गावांची मोजणी इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्याच्या एकाच पद्धतीनं झालेली. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. ३३ बाय ३३ फुटांचा एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एक एकर. जुन्या नकाशात गाडीवाट दुहेरी तुटक रेघेनं दाखवतात आणि पायवाट एकेरी. पलीकडच्या गावातून निघालेली दुहेरी रेघ ओढ्यापर्यंत येत होती आणि आमच्या नकाशात ती तिथूनच पुढं सुरू होत होती. माळ ओलांडून यायची, आणि माळ संपल्यावर तीन शेतांच्या बांधावरून एकेरी होऊन गावात शिरायची.

आजचे कागद एवढ्या सहजी जुळत नाहीत. आमचा उतारा, म्हणजे पहाणी, कन्नडमध्ये आणि एकर-गुंठ्यात. पलीकडचा सातबारा मराठीत आणि हेक्टर-आरमध्ये. गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर, आर म्हणजे १००. फरक किरकोळ, पण ज्याच्या बांधावरून वाट जाणार त्याला तो किरकोळ वाटत नाही. आमच्याकडं सर्व्हे नंबर, त्यांच्याकडं एकत्रीकरणात झालेले गट नंबर. मोबाईलवर दिशांक ॲप उघडून शेतात उभं राहिलं की कुठल्या नंबरात आहोत ते दिसतं, पण ओढा ओलांडला की ॲप गप्प होतं, कारण ते कर्नाटकापुरतंच. मग पलीकडं महाराष्ट्राच्या महाभूनकाशा वेबसाइटवरच्या छापील कागदावर बोट ठेवून चालायचं.

ती तीन शेतांतली एकेरी रेघ बघून आमच्यातले काही जण नाराज झाले. गाडीवाट असती तर ट्रॅक्टर गेला असता, डांबर मागता आलं असतं. मला उलट बरं वाटलं, आणि ते मी बैठकीत सांगितलंसुद्धा. शहराच्या पश्चिमेला एखाद्या शेताला रुंद रस्ता लागला की थोड्या दिवसांत त्याचा लेआउट काढायला कुणीतरी येतं. तो आमच्याच ऑफिसात येतो आणि माझ्याच टेबलावर. माळावर गाडी गेली की माळ राहत नाही. ही वाट चालणाऱ्यांची आणि जनावरांची राहिली तरच दोन गावांच्या मधलं रान मोकळं राहणार होतं. यावर वाद झाला. शेवटी डांबर मागायचं नाही असं ठरलं, निदान आमच्या गटापुरतं.

मग शिवारफेरी. दोन्ही गावांतली जुनी माणसं बरोबर घेतली. आमच्या गावचे एक आज्जा, ऐंशीच्या पुढचे, काठी टेकत आले आणि नकाशाकडं ढुंकूनही न बघता चालू लागले. "हितं चिंच होती. हितनं गाड्या वळायच्या. ह्यो शिवेचा दगड, ह्याला आमी नारळ फोडायचो." त्यांनी दाखवलेलं वळण आणि नकाशातलं वळण यांत फार तर दहा-बारा पावलांचा फरक निघाला. वाट कशी गेली तेही त्यांनी सांगितलं. कुणी एका दिवसात गिळली नव्हती. दरवर्षी नांगरताना एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, बाहेर घ्यायचा, पुढच्या वर्षी बांध तेवढा सरकवायचा. एका ठिकाणी वाटेवर गोठा उभा, एका ठिकाणी बोअर मारलेली. पलीकडं वाटेत चक्क ऊस.

हे काम मुळात कशामुळं अडतं ते कळलं देवळातल्या बैठकीत. मी नकाशा उलगडला मात्र, एक काका उठून उभेच राहिले. बेळगाव तालुक्यात नकाशा घेऊन शेतात आलेल्या माणसाबद्दल लोकांचं मत चांगलं नाही, आणि त्याला कारण आहे. हलगा-मच्छे बायपाससाठी पिकाऊ जमिनी जाऊ नयेत म्हणून शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली, कोर्टात गेले. रिंगरोडची टांगती तलवार अजून आहे. "वहिनी, आज पायवाट म्हणतायसा, उद्या त्याच्यावरनं डांबर याचं आणि परवा नोटीस," काका म्हणाले. त्यांना मी काय समजावणार? त्यांचा एक तुकडा खरंच नोटिशीत होता.

दुसरी भीती त्याहून बारीक आणि जास्त खरी. ज्यांच्या शेतात जुनी वाट गोठ्याखाली किंवा बोअरखाली गेली होती, त्यांच्याकडं आम्ही वाट शेजारच्या बांधावर सरकवून मागत होतो. ते म्हणाले, लोकांना आज जाऊ दिलं की उद्या हक्क सांगतील. आणि ते चूक नव्हते. १८८२चा वहिवाट हक्कांचा, म्हणजे सुखाधिकाराचा कायदा आहे. त्यात सलग २० वर्षं उघडपणे, अडवणूक न होता आणि हक्कानं कुणी वाट वापरली तर तिच्यावर हक्क तयार होतो. माझा मामेभाऊ गडहिंग्लजला वकिली करतो. त्यानं याच कायद्यातली दुसरी बाजू दाखवली. मालकानं परवानगी दिली म्हणून वापरलेल्या वाटेवर असा हक्क तयार होत नाही. म्हणजे तोंडी "जावा की" म्हणण्यात शेतकऱ्याचा धोका जास्त आणि लिहून देण्यात कमी. आमच्याकडं सगळे उलटं समजून बसले होते. सही केली की जमीन गेली, अशी धास्ती.

मग आम्ही एक पानी संमतीपत्र केलं. वाट चार फुटांची, बांधाला लागून. फक्त पायी माणसं आणि दाव्यानं धरलेली जनावरं. दुचाकीसुद्धा नाही. सुगीच्या दिवसांत मालकाला गरज पडली तर तो दुसऱ्या बांधानं वळवू शकतो. आणि सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत, ही परवानगी आहे, हक्क नाही, आणि मालकी शेतकऱ्याचीच. पोरांना हे पटलं नाही. उद्या मुलगा शहरातून आला आणि त्यानं परवानगी काढून घेतली तर, असं त्यांचं म्हणणं. बरोबर आहे, काढून घेऊ शकतो. या कागदाचा तो कच्चा दुवा आहे आणि मला तो माहीत आहे. पण नकाशातली मूळ वाट त्यामुळं नाहीशी होत नाही. परवानगी गेली तर मालकाला गोठा हलवायची वेळ येईल, हे मालकालाही कळतं. गोठेवाल्या काकांनी सही केली. बोअरवाल्यांनी अजून केलेली नाही, तिथं वाट सध्या माळाच्या कडेनं वळसा घालून जाते.

पलीकडचं काम तुलनेनं लवकर झालं, हे कबूल करायला आमच्याकडच्या लोकांना जड जातं. महाराष्ट्रात २०२१ पासून शेत आणि पाणंद रस्त्यांची वेगळी योजना आहे, त्यामुळं तिथल्या तलाठ्याला 'पाणंद' म्हटलं की कुठली फाईल काढायची ते ठाऊक होतं. उसाच्या अडवणुकीसाठी मामलेदार कोर्ट कायदा, १९०६चा. कलम ५ खाली तहसीलदाराकडं अर्ज केला की ते जागेवर पाहणी करून अडथळा काढायचा हुकूम देऊ शकतात. ऊसवाल्यांनी नोटीस आल्यावरच दोन सऱ्या सोडल्या आणि प्रकरण तिथंच मिटलं.

आमच्याकडं अर्ज कन्नडमध्ये द्यावा लागतो. मराठीत दिला तर घेत नाहीत असं नाही, पण तो कुठल्या ट्रेमध्ये राहील ते सांगता येत नाही. शेजारच्या गल्लीतला एक पोरगा कन्नड माध्यमात शिकलेला. त्यानं ग्रामसभेच्या ठरावाचा मसुदा कन्नडमध्ये इतका नेटका केला की पीडीओंनी, म्हणजे पंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांनी, तो न बदलता वाचून दाखवला. पलीकडच्या ग्रामसभेत तोच ठराव मराठीत. दोन्हीत एकच नकाशा जोडला, दोन्हीकडच्या नंबरांसह. पहिल्यांदाच त्या दोन गावनकाशांना एकत्र शिक्का बसला असावा. तारखांची काळजी मात्र घ्यायची. १ नोव्हेंबरच्या आधीचा आणि नंतरचा आठवडा सोडायचा. एका बाजूला कर्नाटकाचा राज्योत्सव, एका बाजूला सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिन, मधे पोलीस बंदोबस्त. त्या दिवसांत दोन गावांची एकत्र बैठक ठेवली तर ती पाणंदीची आहे यावर कोण विश्वास ठेवणार?

आता माळाबद्दल. वाट कितीही मोकळी केली तरी ती ज्या गायरानातून जाते ते गेलं तर काय उपयोग? आमच्या माळावर कधी घरकुलाचा, कधी कचऱ्याचा, कधी सोलरचा प्रस्ताव येतो. २०११च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सगळ्या राज्यांना सांगितलं. पलीकडं महाराष्ट्र सरकारनं त्याच वर्षी जुलैत गायरानं दुसऱ्या कामाला देण्यावर बंधनं घातली. आमच्या बाजूला कर्नाटकाच्या महसूल नियमांत गायरानाचा हिशेब जनावरांवर आहे. दर शंभर जनावरांमागं १२ हेक्टर, म्हणजे साधारण ३० एकर चराऊ रान गावाला ठेवायचं. ऐकायला छान. पण याचा अर्थ असा की जनावरं कमी झाली की रान 'जादा' ठरतं, आणि जादा ठरलेलं रान वाटून टाकता येतं.

आणि जनावरं कमी झालीच आहेत. ट्रॅक्टर आला तशी बैलं गेली. पंचायतीतला आकडा जुन्या पशुगणनेवरून उचललेला, तोही खूप कमी. मग बचत गटातल्या बायका वही घेऊन गोठ्यांतून फिरल्या. या कामात मला सगळ्यात मजा आली. एका घरात म्हैस दावणीला दिसत होती पण मालकीण नाही म्हणत होती, कारण सोसायटीच्या कर्जातली ती म्हैस विकून ही दुसरीच आणलेली, आणि आम्ही बँकेची माणसं असू असं तिला वाटलं. एका घरात कागदावर दोन म्हशी आणि गोठ्यात स्कूटर. कुणी रेडकं सांगायचीच राहिली. शेळ्या या हिशेबात धरायच्या की नाहीत यावर दोन बायकांत जुंपली. शेवटी सरकारी पशुवैद्यकांनी वहीवरून प्रत्यक्ष तपासून सही केली. आकडा पंचायतीतल्यापेक्षा बराच वर आला आणि माळ 'जादा' ठरायचा वाचला. म्हशींनी वाचवला म्हणा. त्या ठरावात आम्ही एक ओळ घातली की भरतीची पोरं माळाच्या कडेनं पळतील आणि जत्रेच्या दिवशी माणसं तिथं थांबतील, कारण चराऊ रानाला त्यानं काही होत नाही. पलीकडच्या गावानंही त्यांच्या अर्ध्या माळासाठी तसाच ठराव केला. आता ओढ्याच्या दोन्ही अंगांचं रान कागदोपत्री तरी एक आहे.

खुणांच्या पाट्यांचा प्रश्न आला तेव्हा मी आधीच हात जोडले. कन्नड पाटी लावली तर आमची पोरं, मराठी लावली तर दुसरे कोणी. दोन्ही भाषांत लावली तर वर कुठली आणि खाली कुठली. म्हणून पाटीच नको, नुसता बाण. मग बाणाचा रंग. पिवळा-तांबडा म्हटलं तर कर्नाटकाचा झेंडा, भगवा म्हटलं तर उघडच, हिरव्याला तिसऱ्यानं हरकत घेतली. चुना. जांभ्या दगडाचे चिरे वाटेच्या कडेला पुरले आणि त्यावर चुन्याचा बाण ओढला. पावसात धुऊन जातो, दसऱ्याच्या आधी पोरं पुन्हा ओढतात.

पुढं वैजनाथाच्या आणि महिपाळगडाच्या बाजूला डोंगराचा तुकडा वनखात्याचा आहे. बेळगावचे ट्रेकिंगवाले तिथपर्यंत वाट जोडा म्हणून मागं लागलेत. त्यांचा उत्साह चांगला आहे, पण तिथं दगड इकडचा तिकडं करायचा तरी परवानगी लागते, आणि चंदगड भागात रानटी हत्ती, गवे येतात ते वेगळंच. अर्ज दिलाय. तोवर त्यांनी नेहमीच्या रस्त्यानं जावं.

राहिला ओढा. पावसाळ्यात चार महिने तो चालत ओलांडता येत नाही, म्हणून सांकव हवा. आमच्याकडं उद्योग खात्रीतून (रोजगार हमीचंच कन्नड नाव) करू, पलीकडं रोजगार हमीतून करू, असं दोन्ही पंचायती आनंदानं म्हणाल्या. मग तांत्रिक मंजुरीला गेल्यावर निघालं की हद्द ओढ्याच्या मधोमध आहे आणि कुठल्याच राज्याचं एस्टिमेट हद्दीच्या पलीकडं जात नाही. पलीकडचे ज्युनिअर इंजिनिअर मला म्हणाले, "मॅडम, अर्ध्या सांकवाचं एस्टिमेट मी कसं करू? दुसऱ्या टोकाला टेकवू कशावर?" मग असं केलं. प्रत्येक पंचायतीनं आपल्या काठाला दगडी धक्का बांधला, 'ओढ्याची धूप थांबवणे' या नावाखाली, आपापल्या हद्दीत. दोन धक्क्यांच्या मधे गावकऱ्यांनी वर्गणी काढून विजेचे दोन जुने सिमेंटचे खांब टाकले आणि वर फरशी. खांबांची नोंद कुठल्याही रजिस्टरला नाही. पहिल्याच पावसात आमच्या बाजूचा धक्का थोडा खचलाय, त्याचं एस्टिमेट या आठवड्यात पंचायतीत द्यायचंय.